‘जैसे थे’ रानातले भुंगे

जगभरातून लोक आमच्या छत्रपती संभाजीनगरला लेणी बघायला येतात. मी त्याच रस्त्यानं, लेण्यांकडं मानही न वळवता, भुंगे आणायला गेलो होतो. परत आल्यापासून जो भेटतो तो आधी हसतो आणि मग विचारतो, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. या प्रवासाला तुम्ही बहुधा कधी जाणार नाही. गेलात तर फोनवर काय बोलू नये, एवढं तरी यातून कळेल.

छावणी

गाजर गवत न पाहिलेला मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. गाजरासारखी पानं, वर साबुदाण्यासारखी पांढरी फुलं, आणि उगवायला जागा अशी लागतच नाही. परदेशातून आलेल्या धान्यातून ते इकडं आलं म्हणतात. येताना त्याला खाणारे किडे मात्र तिकडंच राहिले, आणि शत्रू नसलेल्या कुणाचंही होतं तेच त्याचं झालं. मग शास्त्रज्ञांनी मेक्सिकोहून त्याचा एक जुना शत्रू आणवला. हरभऱ्याएवढा, पिवळट पांढरा, पाठीवर तपकिरी रेघा असलेला भुंगा. तो गाजर गवताची पानं खातो आणि त्याच्यावाचून त्याचं भागत नाही. पाहुणा आपण न बोलावता आला, शत्रूला मात्र आग्रहानं बोलवावं लागलं.

आमची कॉलनी छावणीच्या पलीकडं आहे. आमच्या घरामागं एक मोकळा प्लॉट आहे. त्याचा मालक कुठल्याशा देशात असतो आणि प्लॉटमध्ये गाजर गवत असतं. पावसाळ्यात ते आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत चढतं. माझ्या बायकोला, मंगलला, त्याचा त्रास होतो. मानेवर, कोपराच्या आत लाल चट्टे उठतात, पापण्या सुजतात, श्वास लागतो. डॉक्टर म्हणाले, यापासून लांब राहा. म्हणजे जेवढं लांब राहता येईल तेवढं, म्हणजे खिडकी बंद. त्याच खिडकीत बसून तिनं वीसेक वर्षं भाज्या निवडल्या, शेजारणींशी बोलली, आणि मी फाटकातून किती वाजता आत येतो ते पाहिलं.

कॉलनीचे अध्यक्ष मुळेसाहेब तणनाशक मारणार होते. मी बैठकीत उठलो आणि जमीन, गांडुळं, पाणी, पुढच्या पिढ्या या सर्वांच्या वतीनं बोललो. मला असं उठून बोलायची सवय आहे. बोलताना बरं वाटतं, घरी येईपर्यंत टोचणी लागते. शेवटी म्हणालो, ‘‘मी भुंगे आणतो.’’ टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी गुणगुण असा आवाज काढला.

मंगलनं घरी आल्या आल्या कपाटावरची बॅग खाली काढली.

‘‘ताईकडं जाते कोल्हापूरला. थंडी पडल्यावर येते.’’

‘‘अगं, तिथंही गाजर गवत असेल.’’

‘‘असंल. पण तिथं त्याची बाजू घेणारा नवरा नसंल.’’

मी म्हणालो की मी गवताची नव्हे, जमिनीची बाजू घेतली. ती म्हणाली, ‘‘माझी कवा घेताय?’’ मग तिनंच अट घातली. रविवारपर्यंत भुंगे आणायचे. ते गवत खाताना तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तर ती थांबेल. नाहीतर ती कोल्हापूरला, आणि मुळेसाहेबांनी काय फवारायचं ते फवारावं. बॅग अर्धी भरून तिनं पलंगाखाली सरकवली. तिची कड बाहेर दिसत राहिली. मला वाटतं, मुद्दाम.

एका कृषी कार्यालयात फोन केला तर उत्तर मिळालं, यंदाचे भुंगे वाटून संपले, पिशोरकडं रानात भरपूर आहेत, स्वतः गोळा करा. पिशोरच्या अलीकडच्या एका वस्तीवर मंगलचा मामेभाऊ विठ्ठल राहतो. मी त्याला आनंदानं फोन केला आणि म्हणालो, ‘‘विठ्ठल, शनिवारी येतोय. तुमच्या गावचं गाजर गवत बघायचंय.’’

हे वाक्य लक्षात ठेवा.

शुक्रवारी छावणीच्या बाजारात मोठ्या तोंडाची प्लास्टिकची बरणी घ्यायला गेलो. दुकानदार चाचांनी विचारलं, ‘‘क्या डालना है साब, आम का अचार?’’

‘‘भुंगे.’’

‘‘क्या?’’

‘‘किडे. जिवंत. झाकणाला भोकं पाडून द्या.’’

चाचांनी बरणी परत हातात घेतली, एकदा बरणीकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. ‘‘कायकू पालते साब? घर में कोई हैच नै क्या बात करने कू?’’ तरी भोकं मात्र त्यांनी तापलेल्या सुईनं फार प्रेमानं पाडली.

देवगाव रंगारी

त्याच दुपारी गाडी घेऊन निघताना मला पेट्रोलची टोचणी होती. निसर्गाच्या मार्गानं गवत मारायचं म्हणून धूर सोडत निघालो होतो. वेरूळपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना गाजर गवत असं फुललं होतं की जणू कुणी दुतर्फा हार घातले आहेत. एका वळणावर एक तरुण जोडपं त्यात उभं राहून फोटो काढत होतं. मी काच खाली करून सांगितलं, ‘‘अहो, त्यात उभे राहू नका, अंगाला खाज सुटते.’’ मुलगी म्हणाली, ‘‘काका, पण फोटोत किती छान येतंय!’’ खरंच छान येत होतं. मी काच वर केली.

कॉलनीतल्या एकानं सांगितलं होतं की देवगाव रंगारीला त्यानं असे भुंगे पाहिलेत. म्हणून वाट वाकडी करून तिकडं गेलो. मका तुऱ्यावर आला होता, कपाशीला पाती लागली होती, आणि बाजारपेठेतल्या शेती औषधांच्या दुकानासमोरच्या बाकावर तीन माणसं अशी बसली होती की जणू बाकाबरोबरच घडवून आणलीत. मी दुकानदाराला विचारलं, ‘‘मेक्सिकन भुंगा मिळेल का हो कुठं?’’

‘‘भुंगा? कशावर पडलाय? मक्यावर का कपाशीवर?’’

‘‘गाजर गवतावर.’’

‘‘मग पडू द्या ना, साहेब. तुमचं काय जातंय?’’

‘‘पडलेला नाही. पाडायचाय.’’

त्यानं चष्मा काढून गल्ल्यावर ठेवला. ‘‘साहेब, दुकानावर बसून केस पांढरे झाले. किडा मारायचं औषध मागत्यात समदे. किडा मागणारं गिऱ्हाईक तुम्ही पयलंच.’’

बाकावरचा एकजण दुसऱ्याला म्हणाला, पण मला ऐकू जाईल असं, ‘‘घरचे बरे हायेत ना यांचे?’’

आपल्याकडं विषाला औषध म्हणतात आणि ते देत नाहीत, मारतात. हा विचार मला त्या दुकानात आला आणि मी तो बोलूनही दाखवला. कुणालाही त्यात काही विशेष वाटलं नाही. तिसरा मात्र उठला. म्हणाला, ‘‘चला, तुमचा भुंगा दाखवतो. माझ्याच बांधाला हाय.’’

त्याच्या बांधावर गाजर गवत छातीएवढं होतं. पानांना जाळी पडलेली होती. काहीतरी खूप भूक लागलेलं इथं राहून गेलं होतं हे दिसत होतं. पण पानावर काही हलत नव्हतं. मी खाली वाकलो. मातीत रेघांच्या पाठीचे भुंगे पडले होते. पाय वर करून.

‘‘परवाच औषध मारलं,’’ तो अभिमानानं म्हणाला. ‘‘लई किडे झालते. म्हणलं कपाशीवर जातील.’’

‘‘ते कपाशीवर जात नाहीत. ते हेच गवत खातात.’’

‘‘व्हय? मंग वाईट झालं की.’’ तो जरा विचारात पडला, आणि मला धीर द्यावा तसं म्हणाला, ‘‘पण गवत हाय ना तुम्हाला. त्याला काय होत नाय. ते काय मरतंय!’’

मी हसलो नाही. मला आमची कॉलनी आठवली. आमच्याकडं हेच सगळं ठराव करून होतं, एवढाच फरक.

पिशोरच्या अलीकडं

रात्री कन्नडला मुक्काम केला आणि शनिवारी सकाळी पिशोरच्या रस्त्याला लागलो. डोंगर हिरवे, मधेमधे अद्रकीचे वाफे, त्यांच्यावर ठिबकचं पाणी चाललेलं. वस्तीचा फाटा जवळ आला तशी मला एक गोष्ट खटकू लागली. रस्त्याच्या कडा उघड्या होत्या. माती ताजी उकरलेली. गवताचं पातं नाही. शाळेपुढं नाही, पाराभोवती नाही, हापशाजवळ नाही. असं स्वच्छ गाव मी आमच्या मराठवाड्यात मंत्री येणार असतानाही पाहिलेलं नाही.

पारावर विठ्ठल उभा होता, डोक्याला नवी टोपी. मागं दहाबारा माणसं, हातात खुरपी.

‘‘या दाजी, या! बगा. एक काडी ठिवली नाय.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे काय? जावई गावचं गाजर गवत बघायला येणार म्हणल्यावर आमाला काय लाजशरम नाय का? दोन दिस समदं गाव उपटत होतं. रचून पेटवलं पण.’’

बरणी हातातच होती. विठ्ठलनं ती घेतली, भोकं पाहिली आणि प्रेमानं म्हणाला, ‘‘तूप न्यायला आणलीय व्हय? झाकण फुटलंय, दाजी. दुसरी देतो.’’

शहरात कुणाकडं जायचं असलं की आम्ही आधी फोन करतो, म्हणजे त्यांनी घरी असू नये अशी सोय होते. इथं फोन केला की गाव झाडून निघतं. मी फक्त एक शब्द चुकलो होतो. भुंगा म्हणायच्या जागी गवत म्हणालो होतो. आणि जावयानं गावचं गवत बघायचं म्हटलं तर त्याचा इकडं एकच अर्थ होतो. जावई नाव ठेवणार.

घरी विठ्ठलची बायको, शांतावहिनी, धपाटी थापत होत्या. त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे होते. मी ते चट्टे ओळखतो. रोज रात्री त्याच चट्ट्यांना मलम लावतो.

‘‘वहिनी, हे गवत उपटून झालं का?’’

‘‘असू द्या हो दाजी. जाईल दोन दिसात. धपाटं गरम हाय तवर खा.’’

समोर दही, शेंगदाण्याची चटणी, येसरची आमटी. मी खात होतो आणि नजर पुन्हा पुन्हा वहिनींच्या हातांवर जात होती. मी एका बाईची खाज घालवायला निघालो होतो आणि वाटेत अख्ख्या गावाला खाज वाटत आलो होतो. हे मी वहिनींना सांगायचा प्रयत्न केला. त्यांना वाटलं आमटी तिखट झाली. त्यांनी वर तूप सोडलं.

जेवण झाल्यावर विठ्ठलला एकदाचं खरं काय ते सांगितलं. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं.

‘‘काहून सांगितलं नाय मंग? भुंगे तर लई होते. समदे पेटवले की आता.’’ मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, ‘‘एक रान हाय. पण तिथं जाता येत नाय.’’

‘‘का? साप आहेत?’’

‘‘सापाचं काय येवढं. ‘जैसे थे’ हाय.’’

‘जैसे थे’

बाबूतात्या आणि नामदेवअण्णा हे सख्खे चुलतभाऊ. ओढ्याकडच्या एका तुकड्यावरून त्यांचा कोर्टात वाद चालू आहे. निकाल लागेपर्यंत ‘जैसे थे’, असा हुकूम आहे. म्हणजे जे जसं आहे ते तसं राहील. कुणी नांगरायचं नाही, पेरायचं नाही, कापायचं नाही. कोर्टाचा हुकूम माणसांना आहे, गवताला नाही. तेव्हा गेली कित्येक वर्षं त्या रानात एकटं गाजर गवत पेरतंय आणि कापतंय. पूर्ण संरक्षणात. सबंध गावात फक्त तिथंच कुणी खुरपं लावलं नव्हतं, कारण जो लावील त्याचा ताबा सिद्ध होईल, किंवा त्यानं हुकूम मोडला असं सिद्ध होईल. दोन्ही वकिलांनी दोन्ही भावांना हेच सांगितलेलं आहे.

आम्ही रस्त्यावरून पाहिलं. गवत माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं. आणि पानापानावर भुंगे. उन्हात त्यांच्या पाठी साळीच्या दाण्यांसारख्या चमकत होत्या. पानांची फक्त शीर उरलेली. मला गहिवरून आलं. एखाद्या माणसाला लेण्यांसमोर यावं तसं.

रस्त्याला लागून बाबूतात्यांचं घर आहे. ते ओट्यावर बसले होते. मी सभ्य माणूस, सभ्यपणे विचारलं, ‘‘तात्या, यातले थोडे भुंगे नेऊ का?’’

‘‘न्या की दाजी! तुमचंच रान हाय.’’

मी एक पाय आत टाकला, तोच पलीकडून हाक आली. ‘‘ओ पाव्हणं! कुणाला इचारून?’’

नामदेवअण्णा ओढ्याच्या बाजूनं येत होते, हातात मोबाइल, त्यावर शूटिंग चालू. मी जे खरं तेच सांगितलं. ‘‘तात्यांनी परवानगी दिली.’’

प्रामाणिकपणाचा इतका वेगानं परिणाम झालेला मी आयुष्यात पाहिलेला नाही. बाबूतात्या ओट्यावरून उडी मारून खाली आले. ‘‘ऐकलं का? परवानगी मी दिली! म्हंजे ताबा कुणाचा? दाजी, शब्द फिरवू नका, तुम्ही साक्षीला हाय!’’

‘‘ताबा?’’ अण्णांनी मोबाइल माझ्या तोंडापुढं धरला. ‘‘पाव्हणं, पुन्यांदा सांगा. रानात पाय कुणाच्या सांगण्यावरून टाकला? नाव घ्या.’’

‘‘मी पाय काढतो,’’ मी म्हणालो.

‘‘काढू नका!’’ दोघं एकदम ओरडले. त्या तुकड्याबाबत त्यांचं एकमत झालेलं बहुधा हे पहिलंच.

मी एक पाय रस्त्यावर, एक पाय वादात, असा बराच वेळ उभा होतो. मी समजावून पाहिलं. भुंगा म्हणजे पीक नव्हे, ते काही तुमच्यापैकी कुणी पेरलेलं नाही.

‘‘माझ्या रानातलं गवत खाऊन मोठं झालं ना?’’ तात्या म्हणाले. ‘‘मंग कुणाचं?’’

‘‘खाल्लं म्हंजे हुकूम मोडला,’’ अण्णा म्हणाले. ‘‘जैसे थे म्हणजे जैसे थे. हितलं पान कमी झालं तर कोर्टाचा अपमान हाय.’’

‘‘मग हे भुंगे रोज करतायत तो अपमानच,’’ मी म्हणालो.

अण्णा क्षणभर गवताकडं बघत राहिले. त्यांच्या डोक्यात तो मुद्दा वकिलाला विचारायचा म्हणून जात असलेला मला दिसला.

विठ्ठलनं दंड धरून मला बाहेर ओढलं. त्याच्या घरी येईपर्यंत मी हिशोब मांडून पाहिला. उद्या रविवार. बरणी रिकामी. पलंगाखाली बॅग. मंगलला फोन केला तर ती एवढंच म्हणाली, ‘‘मुळेसाहेबांनी मांडव घातलाय. कुणी पाहुणे येणारेत तुमचे भुंगे सोडायला.’’ मी म्हणालो, ‘‘मिळतील बहुतेक.’’ ती म्हणाली, ‘‘बहुतेक खाणार का बहुतेक दिसणार?’’

रविवारी सकाळी चहाच्या वेळी मी निघायची तयारी करत होतो. तेवढ्यात मागच्या दारानं बाबूतात्या आले. धोतराला कुसळं, हातात जेवणाचा स्टीलचा डबा. झाकणावर भोकं.

‘‘दाजी,’’ ते कानाशी कुजबुजले, ‘‘गावचा जावई रिकाम्या हातानं गेला तर आमचं तोंड राहतं का? न्या. फक्त त्या नाम्याला कळू देऊ नका.’’

डबा उघडला. भुंगेच भुंगे, एकावर एक, मधे गाजर गवताचे शेंडे खायला घातलेले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. तेवढ्यात पुढच्या दारातून नामदेवअण्णा आत आले. शर्टाला तीच कुसळं, हातात तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, वर फडकं बांधलेलं. तेही ‘दाजी’ म्हणाले आणि पुढचं बोलायचे थांबले.

अंगणात दोघं समोरासमोर. दोघांच्या हातात एकमेकांविरुद्धचा पुरावा. शांतावहिनींच्या चुलीवरचा चहा उतू गेला, कुणी तिकडं बघितलं नाही.

‘‘रानात गेलतास?’’ तात्यांनी विचारलं.

‘‘तू गेलतास म्हणून दिसलास ना मला,’’ अण्णा म्हणाले.

मला वाटलं, आता दोघं हसतील, गळ्यात पडतील. पुस्तकांत असंच होतं. तसं काही झालं नाही. दोघं खाली बसले, चहा प्याले, पण एकमेकांकडं पाठ करून. जाताना दोघं माझ्या गाडीच्या दोन खिडक्यांशी उभे राहिले.

‘‘दाजी,’’ तात्या म्हणाले, ‘‘कुणी इचारलं हे कुठून आणले...’’

‘‘...तर सांगायचं,’’ अण्णांनी दुसऱ्या खिडकीतून पुरं केलं, ‘‘मेक्सिकोहून.’’

परत

मांडवावर फलक होता: ‘मित्रकीटक सोडण्याचा भव्य शुभारंभ’. मांडव बरोबर प्लॉटच्या मधोमध घातला होता, आणि त्यासाठी तिथलं गवत जेसीबीनं साफ करून कडेला लोटलं होतं. कडेला म्हणजे आमच्या भिंतीशी. खिडकीखाली ते आता पूर्वीपेक्षा दाट दिसत होतं, मुळासकट उपटलेलं आणि उभं असलेलं मिळून.

‘‘वा! आलात!’’ मुळेसाहेब म्हणाले. ‘‘डबे स्टेजवर ठेवा. पाहुणे निघालेत.’’

निघालेत म्हणजे अजून घरी आहेत, हे इथं सर्वांना माहीत असतं. डबे उन्हात. मी सावलीत घेतले तर फोटोवाला म्हणाला, तिथं उजेड नाही. तास गेला. फडकं सारून अण्णांच्या डब्यात पाहिलं तर वेगळीच मंडळी दिसली. पहाटेच्या अंधुक उजेडात अण्णांनी जे हलतं ते भरलं होतं. दोनचार भुंगे, आणि बाकी सगळे हिरवे ढेकूण, ते, ज्यांना हात लावला की घरभर वास सुटतो. तात्यांच्या डब्यातले भुंगे मात्र खरे होते आणि उन्हानं मलूल होत चालले होते. एवढ्या लांबून आणून यांना भाषणासाठी मारायचं होतं का? मी इकडंतिकडं पाहिलं, तात्यांचा डबा शर्टाखाली घेतला आणि मांडवामागून सटकलो.

खिडकीच्या काचेपलीकडं मंगल उभी होती, नाकावर पदर. मी गवतात शिरलो आणि डबा शेंड्यांवर हळूहळू रिकामा केला. भुंगे पानांवर पडले आणि तसेच बसून राहिले.

तिनं काच दोन बोटं सरकवली. ‘‘खातायत का?’’

‘‘खातील. दमलेत.’’

‘‘सगळे दमलेलेच मिळतात मला.’’

तिला मी विठ्ठलच्या वस्तीपासून सगळं सांगितलं, तिथंच, गवतात उभा राहून. ताबा, मोबाइल, मेक्सिको. वहिनींच्या हातांचंही सांगितलं. तिथं ती हसायची थांबली. म्हणाली, ‘‘शांताला मलम पाठवते. तुम्ही पुन्हा तिकडं फोन करू नका.’’

तेवढ्यात लाऊडस्पीकरवर माझं नाव आलं. पाहुणे पोचले होते. मी डबा तिथंच टाकून धावलो. स्टेजवर एकच डबा होता, अण्णांचा. मला काही म्हणायची सवड मिळाली नाही. मिळाली असती तर म्हणालो असतो का, हे मला खात्रीनं सांगता येत नाही. पाहुण्यांनी पांढऱ्याशुभ्र बाहीचा हात फडक्याखाली घातला, कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि मूठभर मित्र हवेत सोडले. टाळ्या झाल्या. मग वास सुटला. पहिल्या रांगेनं नाकाला रुमाल लावले, पण टाळ्या थांबवल्या नाहीत. एक खराखुरा भुंगा तेवढ्यातून चालत चालत पाहुण्यांच्या खांद्यावर चढला. त्यांनी तो पाहिला आणि फटकन मारला.

‘‘नैसर्गिक शत्रूंचं महत्त्व,’’ पुढं त्यांनी माइकवर सुरुवात केली, ‘‘आपण ओळखलं पाहिजे.’’

भाषण संपायच्या आत मी घरामागं आलो. खिडकी आता अर्धी उघडी होती. मंगल कोपर चौकटीवर टेकून, एका हातानं पदर नाकाशी धरून, खाली बघत होती. माझ्याकडं न बघता तिनं बोट ओठांवर ठेवलं, जणू मी एखाद्याची झोपमोड करीन. मी तिच्या नजरेच्या रेषेत वाकलो. सगळ्यात वरच्या शेंड्यावर एका भुंग्यानं पानाची कड धरली होती. कडेला नखाएवढी खाच पडली होती. मग शेजारच्यानंही तोंड लावलं.

‘‘लई हळू खातो हो हा,’’ ती म्हणाली.

‘‘वाढतील. पिल्लं होतील. वेळ लागेल.’’

ती अजून बराच वेळ बघत होती. मग तिला शिंका आल्या, एकामागून एक, आणि तिनं काच लावून घेतली. मी आत गेलो. पलंगाखालून बॅगची कड तशीच दिसत होती. मी ती उचलून कपाटावर ठेवायला गेलो.

‘‘राहू द्या तिला,’’ ती म्हणाली. ‘‘भरायची नाय, उपसायची नाय. भुंग्यांचं काय होतंय ते दिसंपर्यंत जैसे थे.’’